बहिणीचं लेथ मशीन

माझी धाकटी बहीण निवृत्त झाली आणि तिचं कंपनीचं क्वार्टर सोडून बंगळुरात बसवनगुडीला आमच्याकडे राहायला यायचं ठरलं, तेव्हा मी तिच्यासाठी मागची खोली रिकामी करायला घेतली. आईची जुनी अंथरुणं कपाटातून काढली, खिडकीची जाळी पुसली, दिवा बदलला. एका रविवारी ती येऊन खोली बघून गेली. छान आहे म्हणाली. मग स्वयंपाकघरातल्या जिन्यानं खाली तळघरात उतरली ती बराच वेळ वर आलीच नाही. मी केलेली कॉफी निवून गेली. खाली जाऊन बघते तर ती टेप घेऊन दाराची रुंदी मोजत होती.

"अक्का, हे तळघर मला देशील?" आमच्या घरी थोरलीला ताई म्हणत नाहीत, अक्काच म्हणतात.

"घे की. आहे काय त्यात? बाबांचे रंगाचे डबे आणि उंदीर."

"मग मी एक मशीन आणणार आहे."

मला वाटलं, कपडे धुण्याचं. आमचं जुनं झालंच होतं.

"लेथ," ती म्हणाली, आणि टेप सोडून दिला. तो खटकन आत गेला.

लेथ म्हणजे काय ते मला माहीत होतं. ती सरकारी कारखान्यात टूलरूमला लागली, त्या पहिल्या आठवड्यात तिनं आम्हाला जेवणाच्या ताटात वाटी गरगर फिरवून आणि चमच्याचं टोक तिला लावून दाखवलं होतं: लोखंडाची कांब अशी धरायची, अशी फिरवायची, आणि हत्यार लावलं की साल निघत जातं. बाबा हसून लोटपोट झाले होते. आमटी सांडली होती. पुढे तिला बढत्या मिळत गेल्या आणि तिचं काम कॉम्प्युटरच्या पडद्यावर गेलं. नोकरीची शेवटची बरीच वर्षं तिनं ड्रॉइंग काढली, मीटिंगा केल्या, दुसऱ्यांनी केलेल्या कामावर सह्या केल्या. मशीनला हात लावायची तिला गरजच उरली नव्हती. तसं ती कधी बोलली नाही, पण दिवाळीत घरी आली की ती आपले हात बघत बसे. मऊ झाले म्हणे.

तर ते मशीन. शिवाजीनगरच्या एका गल्लीत जुन्या मोटारींचे भाग करणारं वर्कशॉप होतं, ते बंद व्हायचं होतं. मालक मुलाकडे चालला होता. त्याच्याकडचं लेथ हिनं पाहून ठेवलं होतं. माझ्याही वयाहून जुनं, हिरव्या रंगाचं, वजन पाऊण टनाच्या आसपास.

"पाऊण टन," मी म्हणाले. "घर खाली बसेल."

"ते खालीच जाणार आहे, अक्का. तळघराच्या खाली कुठं बसणार?"

मी हसले नाही. त्या दिवसांत मला हसू चटकन येत नसे. आई नव्वदीला टेकली होती आणि तिच्या डोक्यातलं एकेक पुसत चाललं होतं. नाश्ता झाल्यावर ती नाश्ता मागे. आंघोळ घातली की "मला बुडवलं" म्हणून शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं ओरडे. किल्ल्या तांदळात लपवी. संध्याकाळ झाली की पिशवी भरून माहेरी निघे, आणि मी तिला फाटकापर्यंत जाऊ देऊन, बस गेली गं आई, असं सांगून परत आणी. शाळेतून निवृत्त झाल्यापासून माझं काम हेच होतं. माझं लग्न झालेलं नाही, तेव्हा घरात राहिलेली मीच. कुणी विचारलं कशी आहेस, तर मी इथल्या पद्धतीनं "स्वल्प सुस्तु" म्हणत असे, थोडी थकले आहे. वर्षानुवर्षं थोडीच थकले होते.

त्यामुळं बहीण येणार म्हणताना मला पहिल्यांदा काय सुचलं असेल, तर झोप. ती एक दुपार आईला बघेल आणि मी झोपेन. ती मात्र लेथ घेऊन येत होती.

आमच्या तळघराची एक गोष्ट सांगायला हवी. बाबांनी जुनं घर पाडून नवं बांधलं तेव्हा प्लॉटला उतार आहे म्हणून खाली गाडीसाठी जागा काढली आणि रस्त्यापासून खाली जाणारा सिमेंटचा उतार केला. तो इतका तीव्र झाला की पहिल्याच दिवशी गाडीचं पोट खरवडलं. गाडी पुढं आयुष्यभर रस्त्यावर झाडाखाली उभी राहिली, तिच्यावर पक्ष्यांनी काय करायचं ते केलं. मग पावसाचं पाणी आत शिरायला लागलं, म्हणून बाबांनी उताराच्या पायथ्याशी भिंत घालून एक दार बसवलं आणि दाराला वीतभर उंच सिमेंटचा उंबरा केला. म्हणजे मशीनला आधी तो उतार उतरायचा होता आणि मग उंबरा चढायचा होता. बहिणीनं हे सगळं कागदावर काढलं. माझ्यापुढं ठेवलं. मला ती सगळी चौकटी आणि बाण दिसले.

ठरल्या दिवशी सकाळी टेम्पो आला. मागून क्रेन आली. आईला सांभाळायला सकाळी थोडा वेळ एक बाई येत असे, ती त्याच आठवड्यात गावी गेली ती परत आलीच नाही. मी बहिणीला म्हटलं होतं, दिवस बदल. ती म्हणाली, वर्कशॉपवाल्याला जागा रिकामी करायची आहे, बदलता येत नाही. मी आईला पुढच्या खोलीत खुर्चीत बसवलं, टीव्ही लावला, हातात सोलायला मटार दिले. बाहेरून कडी घालावी असं मनात आलं. घातली नाही. तिला कडीचा आवाज कळतो. बाकी काही कळलं नाही तरी तेवढं कळतं.

क्रेननं मशीन टेम्पोतून उचलून उताराच्या तोंडाशी ठेवलं तेव्हा सगळी गल्ली बघायला उभी होती. मीही बघितलं. मोठं होतंच, पण मला ते जास्त करून दमलेलं दिसलं. रंगाचे पोपडे उडालेले, कडांवर तेलाचं काळं मेण झालेलं. त्याच्या सुट्या होणाऱ्या वस्तू बहिणीनं आधीच काढून कापडात गुंडाळून आणल्या होत्या. खाली दोन जाड लाकडी ओंडके बोल्टनं आवळले होते, त्यांच्यावर ते बसलं होतं, स्लेजगाडीसारखं.

माणसांचा मेस्त्री जाडा, शांत, कपाळावर विभूती लावलेला होता. त्याचा एक माणूस आला नव्हता. तो म्हणाला, चालेल, पाइपांवरून सोडू. बहीण म्हणाली, सपाटीवर पाइप, उतारावर नाही, उतारावर ते पळेल. फळ्यांवर घसरत येऊ दे. दोघांचं कन्नडमध्ये बराच वेळ चाललं. मेस्त्रीनं उतारावर स्वतः चालून बघितलं, वरून खाली, खालून वर. मग "सरी" म्हणाला, ठीक आहे. फळ्या टाकल्या, त्यांना साबणाचं पाणी लावलं.

वरून रोखून धरायला जाड दोर होता. बहिणीनं तो आमच्या पोर्चच्या सिमेंटच्या खांबाला तीन वेढे घालून घेतला आणि सुटं टोक माझ्याकडं दिलं.

"मी?"

"माणूस कमी आहे अक्का. ओढायचं काहीच नाही. वजन खांब घेतो. तू फक्त हे ताणून धरायचं. मी 'सोड' म्हटलं की वीतभर सोडायचं, 'बस' म्हटलं की ताणायचं. कुत्र्याची साखळी धरल्यासारखं."

"मी कधी कुत्रा पाळलाय?"

"अक्का, प्लीज."

मी पदर खोचला आणि टोक धरलं. खरंच जोर लागत नव्हता. दोर खांबाला घासत होता आणि वेढ्यांमधून किंचित कुरकुरत होता, तेवढंच. मेस्त्री मशीनच्या बाजूला, दोन माणसं पहारी घेऊन दोन्हीकडं, बहीण हातात लाकडी पाचरी घेऊन. "सोड." मी सोडलं. पाऊण टन लोखंड वीतभर खाली सरकलं, अगदी सावकाश. कुणीतरी माझ्या हातात हे दिलं आहे यावर माझा विश्वास बसेना. "बस." मी ताणलं. ते थांबलं.

असं आम्ही उतरत गेलो. सोड. बस. पाचर लाव. पाचर काढ. मेस्त्री मध्येच "निधान, निधान" म्हणत होता, हळू हळू. ऊन वर आलं. माझ्या तळव्यांना आग व्हायला लागली, मी पदराचं टोक हाताला गुंडाळलं. मध्ये एकदा मशीनची एक बाजू फळीवरून घसरून कोनात आली, ती पहारीनं सरळ करायला फार वेळ गेला. आत टीव्हीवर कुणीतरी गात होतं. मी मनाशी म्हणत होते, मटार संपू नकोत.

मशीन अर्ध्याच्या पुढं गेलं असेल. खाली, उताराच्या पायथ्याशी, तळघराचं दार उघडलं आणि आई बाहेर आली.

ती कित्येक वर्षांत तळघराचा जिना उतरली नव्हती. गुडघ्यांनी उतरूच शकत नाही असं आम्ही धरून चाललो होतो. केस सुटलेले, पायात चप्पल नाही, एका मुठीत मटार. ती उंबरा ओलांडून फळ्यांच्या मधोमध उभी राहिली आणि तिनं वर बघितलं, त्या हिरव्या धुडाकडं.

माझ्या हातात दोर होता. मी सोडला असता तर काय झालं असतं ते सांगायला नको. माझे पाय आपोआप पुढं निघाले, मेस्त्री ओरडला, "बिडबेडि! अम्मा, बिडबेडि!" सोडू नका. मी जिथल्या तिथं उभी राहिले. बहिणीनं दोन्ही पाचरी ठोकून बसवल्या, माणसांनी पहारी रोवल्या. आता ते तसंही हलणार नव्हतं, हे मला नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच माहीत होतं की खाली आई आहे, मध्ये मशीन आहे आणि वर मी आहे.

"आई, आत जा!" मी ओरडले. ती जागची हलली नाही. माझ्या आवाजाला ती आताशा दबत नाही, उलट हट्टाला पेटते. "आई, ऐकतेस का? आत जा!"

"घर विकलं ना तुम्ही?" आई म्हणाली. आवाज बारीक होता, पण सगळ्यांना ऐकू आला. "सामान काढायला लागले. मला सांगितलंही नाही."

"नाही गं, विकलं नाही. आत जा."

"मग हे काय काढताय?"

  आईशी खरं बोलायचं की खोटं, हा प्रश्न मला रोज पडतो आणि रोज मी जे तोंडाला येईल ते बोलते. त्या क्षणी तोंडाला काहीच आलं नाही. डोळ्यांत पाणी आलं ते मात्र आठवतं. ते भीतीचं होतं का नुसत्या कंटाळ्याचं, कुणास ठाऊक.

बहीण मशीनच्या बाजूनं, भिंतीला घासत, दोन पावलं खाली सरकली. घाई केली नाही तिनं. गप्पा मारायला थांबल्यासारखी उभी राहिली.

"काढत नाही आई, आणतोय. नवीन मशीन घेतलंय मी."

"कसलं?"

"शिवणाचं."

आईनं मशीनकडं नीट बघितलं. वरपासून खालपर्यंत. "एवढं मोठं?"

"खूप शिवायचंय ना. सगळ्यांचंच."

आई विचारात पडली. आई पूर्वी सगळ्या गल्लीचे ब्लाउज शिवायची, त्याच पैशात आमच्या फिया भरल्या गेल्या. मेस्त्री आणि त्याची माणसं पहारींवर भार टाकून उभी होती. त्यांना मराठी कळत नव्हतं. दोर माझ्या हाताला कापत होता.

"खाली कशाला नेतेस मग?" आई म्हणाली. "अंधारात शिवून डोळे जातील. खिडकीपाशी ठेवायचं असतं मशीन."

"खाली मोठा दिवा लावते. तू जरा बाजूला सरक, म्हणजे आत घेता येईल. पाय जपून."

आणि आई सरकली. भिंतीला हात धरत धरत उंबरा ओलांडून आत गेली आणि बाबांच्या रंगाच्या डब्यावर बसली. बहिणीनं पहिल्यांदा तिच्याकडं बघितलं, मग वर माझ्याकडं. "अक्का," ती म्हणाली, "सोड."

मी वीतभर सोडलं.

उंबऱ्यापाशी त्यांनी लाकडाचे ठोकळे रचत मशीनचं एक टोक उचललं, मग दुसरं. दाराच्या आतल्या तुळईला साखळीची पुली टांगून ते ओढून घेतलं आणि आत सपाटीवर पाइपांवरून ढकलत कोपऱ्यात नेलं. या सगळ्या वेळात आई डब्यावर बसून होती. मध्येच ती मेस्त्रीला कन्नडमध्ये म्हणाली, "काफी कुडिदु होगि," कॉफी पिऊन जा. इतक्या सहज, इतक्या नीट, घरच्या बाईसारखी, की दोर ठेवून आतल्या जिन्यानं उतरणारी मी तिथंच थबकले. मग वर जाऊन सगळ्यांसाठी कॉफी टाकली. माझ्या हातातून पातेलं दोनदा निसटलं. कपात कॉफी ओतताना निम्मी बशीत गेली. मेस्त्रीनं ती बशीतूनच प्यायली आणि आईला वाकून नमस्कार करून गेला.

दुसऱ्या दिवशी मला आईची वेणी घालता येईना. हात खांद्याच्या वर जाईनात. बहीण तळघरात मशीनखाली लोखंडी पट्ट्या सरकवून ते सपाट बसवत होती. मी जिन्यातून हाक मारली. "आले," म्हणाली. आली नाही. पुन्हा मारली. आई केस मोकळे सोडून वाट बघत बसली, मग विसरली, मग तशीच झोपली.

असे बरेच दिवस गेले. तिचं मशीन चालायला वेगळं वीजकनेक्शन लागत होतं, ते यायला उशीर झाला. तोवर ती ते पुसत होती, खरवडत होती, रॉकेलमध्ये एकेक चाक बुडवून ठेवत होती. जेवायला वर येई तेव्हा अंगाला तेलाचा वास येई. आईला भरवायची, पण मनगटावरच्या घड्याळाकडं बघत. रविवारी दुपारी आईनं बिछाना ओला केला, मी चादरी भिजत घातल्या, आई मला "चोर बाई" म्हणाली, आणि त्याच वेळी खालून हातोडीचा आवाज सुरू झाला. मी ओल्या हातांनी खाली गेले.

"मला वाटलं होतं तू मदतीला आलीस."

तिनं हातोडी खाली ठेवली. "आले ना."

"तू तळघरात आलीस."

ती जवळच्या स्टुलावर बसली. तिचा चेहरा मी बऱ्याच दिवसांत एवढ्या जवळून पाहिला नव्हता. डोळ्यांखाली माझ्यासारखेच काळे डाग. तिचं लग्न मोडलं तेव्हाही ती अशी बसली होती, गुडघ्यांवर हात ठेवून, नखं बघत.

"अक्का, रागावू नकोस," ती शेवटी म्हणाली. "आयुष्यभर कुणी ना कुणी हाक मारत होतं. घरी, कारखान्यात. फोनवर, रात्रीसुद्धा. खाली आल्यावर वरचं ऐकू येत नाही मला. खरंच येत नाही. एवढं एक हवं होतं."

"आणि मला?"

"तुला काय हवंय?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मला काय हवंय ते मला सांगता येईना. पुस्तक वाचायचं? मल्लेश्वरमच्या जुन्या शाळेतल्या मैत्रिणीकडं जायचं? देवळात? त्यातलं काहीच नको होतं. कपडे धुवायचे राहिलेत, असं काहीतरी पुटपुटून मी वर आले. चादरी पिळल्या. वाळत घातल्या. जिन्यात तिच्या पावलांचा आवाज आला. ती आईच्या खोलीत गेली आणि संध्याकाळपर्यंत तिथंच बसली.

तिनं काही जाहीर केलं नाही, पण तेव्हापासून दुपारी जेवण झालं की ती आईजवळ बसायला लागली. मला तिच्या पद्धती पटत नसत. ती आईला खोटं सांगते, सर्रास. माहेरची बस आज बंद आहे, ड्रायव्हरांचा संप आहे, असं सांगते. आई संपावर बराच वेळ बोलते आणि पिशवी विसरते. मी इतकी वर्षं फाटकापर्यंत चालत होते.

कनेक्शन आलं. पहिल्यांदा मशीन फिरलं तेव्हा मी जिन्याच्या पायरीवर उभी होते. मला वाटलं होतं घर हादरेल. घरघर एवढीच, शिट्टी होण्याआधीच्या कुकरसारखी. बहिणीनं एक पितळेची कांब धरली आणि तासायला लागली. पिवळ्या कपच्या उडून तिच्या बाहीवर बसल्या. मी विचारलं, काय करतेस? म्हणाली, काही नाही, हात बसवतेय. दुसऱ्या दिवशीही तीच कांब. तिसऱ्या दिवशी ती पेन्सिलीएवढी झाली. मग त्याहून बारीक. मग मोडली. तिनं ते तुकडे टिनाच्या डब्यात टाकले आणि दुसरी कांब घेतली.

"कशाचा भाग आहे?"

"कशाचाच नाही. जन्मभर सगळं कशाचा तरी भागच केलं." ती डोळ्यांवरचा चष्मा वर सरकवून हसली. "माप चुकलं तरी कुणी परत पाठवत नाही. मजा येते."

मला त्यात मजा कळली नाही. पितळ वाया जातं असंच वाटलं. तसं मी म्हटलंही. ती म्हणाली, कपच्या भंगारवाला घेतो.

मार्चमधल्या एका दुपारी वर फार उकडत होतं. आई जेवून लवंडली होती, बहीण तिच्या पायांशी वर्तमानपत्र वाचत होती. मी भांडी आवरून उगाच उभी होते. "अक्का, खाली जा," बहीण वर न बघता म्हणाली. "थंड आहे तिथं. चटई टाकलीय."

मी म्हटलं, मला काय करायचंय खाली. आणि तरी गेले. खाली गार होतं, तेलाचा आणि ओल्या सिमेंटचा वास होता. मशीन बंद होतं. मी त्याच्या लोखंडावर हात ठेवून बघितला, तो इतका थंड की सुखाचा वाटला. भिंतीला चटई होती, वर माझीच जुनी सोलापुरी चादर. मी पाच मिनिटं पाठ टेकावी म्हणून आडवी झाले. वरच्या घराचा आवाज येतो का म्हणून कान देऊन ऐकलं. काही नाही. रस्त्यावरून एक ऑटो गेला तेवढा. मग मला काही आठवत नाही.

जाग आली तेव्हा दारातून येणारं ऊन गेलेलं होतं. तोंडावर चादरीचे वळ उमटलेले. मी धडपडत वर गेले. आईची दुपारची गोळी, खाणं, संडास, सगळं माझ्या डोक्यातून एकदम धावलं. वर बहीण आईला इडली कुस्करून भरवत होती. आईची वेणी घातलेली होती, माझ्यापेक्षा वाकडी.

"मला उठवायचं नाही? केव्हाची झोपले होते मी."

"कशाला उठवू?"

"आईनं त्रास दिला असेल. मला शोधत असेल."

बहिणीनं चमचा थांबवला. सांगू का नको असा तिचा चेहरा झाला. "नाही अक्का," ती म्हणाली. "तुला विचारलं नाही तिनं. एकदाही."

आई तोंड उघडून पुढच्या घासाची वाट बघत होती. मी दाराला टेकून उभी राहिले. इतक्या वर्षांत मी घरात नसले तर आई कशी राहील, याच धास्तीनं मी कुठं गेले नव्हते. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. बहिणीनं हळूच विचारलं, कॉफी करू का तुला?

"नको," मी म्हणाले. "अजून थोडं झोपते." आणि पुन्हा जिना उतरून खाली गेले.